दिव्यांग शेतकऱ्याचं जगणं सुधारलं का, हे मोजायचं कसं?

मराठवाड्यातल्या एका गावात एका घरी गेलो होतो. दीड वर्षापूर्वी त्या घरच्या अण्णांना एका योजनेतून तीनचाकी सायकल मिळालेली. फोटो निघाला होता, अहवालात नोंद झाली होती. सायकल गोठ्यात उभी होती आणि तिच्या सीटवर पेंडीची पोती रचलेली होती. घर ते शेत ही वाट म्हणजे काळ्या मातीतली पाणंद. पावसाळ्यात चाक दोन हात पुढे सरकत नाही आणि उन्हाळ्यात वाळलेल्या चाकोऱ्यांत अडकतं. अण्णा शेतावर जायचे ते पूर्वीसारखेच, पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, पुतण्याला वेळ असेल तेव्हा.

अहवालातला आकडा खोटा नव्हता. सायकल दिली होती, ती पोहोचली होती. पण अण्णांच्या दिवसात काय बदललं, हे त्या आकड्याला विचारलंच नव्हतं. दिव्यांग शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत, कंपन्यांच्या सामाजिक निधीतल्या (सीएसआर) प्रकल्पात किंवा कृषी विभागात नव्याने आलेल्यांना आणि समाजकार्याच्या (एमएसडब्ल्यू) विद्यार्थ्यांना या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळवता यावं, म्हणून हे लिहितो आहे. सांख्यिकीची पदवी लागत नाही. लागतो तो धीर, एक वही आणि ऐकायची तयारी.

आधी ठरवा, मोजायचं काय

तीन गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, प्रमाणपत्रावरची टक्केवारी. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती मिळतात, त्यामुळे तो आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तो शरीराबद्दल बोलतो, तेही डॉक्टरच्या नजरेतून. दुसरी, रोजच्या कामातली अडचण: चालणं, वाकणं, उचलणं, लोकांत मिसळणं. तिसरी, जीवनाची गुणवत्ता. जागतिक आरोग्य संघटनेने तिची जी व्याख्या केली आहे, तिचा गाभा असा: माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यांत वाढला, त्यांच्या संदर्भात आणि त्याच्या स्वतःच्या अपेक्षा, काळज्या नि उद्दिष्टं धरून, आपल्या आयुष्यातल्या स्थानाकडे तो स्वतः कसा बघतो.

म्हणजे इथे निकाल देणारा तोच. एकाच गावात, एकाच टक्केवारीचे दोन शेतकरी घ्या. एकाचा पाय गुडघ्याखाली गेलेला आहे, पण कोणतं बियाणं पेरायचं, तूर कधी विकायची, हे अजून तोच ठरवतो. दुसऱ्याचा पायही तसाच गेलेला, पण अपघातानंतर घरचे त्याला विचारेनासे झालेत. प्रमाणपत्राला हा फरक दिसत नाही. तुमच्या मोजणीला दिसला पाहिजे.

या विषयात अमेरिकेतला अ‍ॅग्रॅबिलिटी हा कार्यक्रम जुना आहे. तिथल्या १९९० च्या शेती कायद्यातून तो उभा राहिला. दिव्यांग किंवा आजारी शेतकऱ्याला शेती चालू ठेवता यावी म्हणून अवजारांत, ट्रॅक्टरमध्ये, गोठ्यात बदल करून द्यायचे, हे त्याचं काम. त्यांनीही पुढे हाच प्रश्न धरला: किती जणांना भेटलो ते सोडा, त्यांचं जगणं बदललं का? मग मदतीआधी आणि मदतीनंतर तीच प्रश्नावली विचारायची आणि मदत न मिळालेल्या तशाच शेतकऱ्यांशी तुलना करायची, ही रीत त्यांनी वापरली. त्यांची अवजारं आपल्याला लागू पडत नाहीत, कारण तिथे शेकडो एकर आणि ट्रॅक्टर, इथे दोन एकर आणि खुरपं. मोजण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

कोणाला विचारायचं: यादी करण्यातच अर्धी चूक होते

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यातले ६९ टक्के ग्रामीण भागात. महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक. त्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार, पार्किन्सन, आम्लहल्ल्यातले पीडित हे सगळे त्यात आले. त्यामुळे ग्रामपंचायतीतली जुनी यादी घेऊन निघालात तर गडचिरोली-नंदुरबारकडचा सिकलसेलने महिन्यातून चार दिवस अंथरुणाला खिळणारा शेतकरी तुम्हाला भेटणारच नाही.

यादीवर न विसंबता घरोघर विचारायचं असेल तर वॉशिंग्टन ग्रुप या दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा छोटे प्रश्न कामाला येतात: दिसायला, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष द्यायला, अंघोळ-कपडे अशी स्वतःची कामं करायला आणि बोलून समजून घ्यायला-सांगायला अडचण येते का? उत्तरं चार: काहीच अडचण नाही, थोडी, खूप, करताच येत नाही. एकाही प्रश्नात ‘खूप’ किंवा ‘करताच येत नाही’ आलं तर त्या माणसाला यादीत घ्यायचं. या प्रश्नांत ‘अपंग’ किंवा ‘दिव्यांग’ हा शब्दच येत नाही, आणि त्यामुळेच माणसं मोकळेपणाने बोलतात. आशाताई सोबत असतील तर दारं लवकर उघडतात.

शेतीत मात्र या सहा प्रश्नांना एक मोठं भगदाड आहे. हातांबद्दल थेट प्रश्न नाही. कडबाकुट्टीत बोटं गेलेला, हडंब्यात (मळणीयंत्रात) मनगट सापडलेला माणूस चालतो, ऐकतो, बोलतो, कपडेही एका हाताने घालायला शिकलेला असतो. तो सहाही प्रश्नांत ‘थोडी’ म्हणून निसटतो. म्हणून सातवा प्रश्न आपला जोडा: दोन्ही हातांनी धरायला, उचलायला, गाठ मारायला अडचण येते का? मनाच्या आजारांसाठीही असाच वेगळा प्रश्न लागेल.

आणि बायका. योजनेच्या कागदावर शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे सातबारा. दिव्यांग बाईच्या नावे सातबारा फार क्वचित असतो. पण निंदणी, खुरपणी, वेचणी, शेळ्यांचं सगळं तीच बघते. ‘शेती कोणाची?’ असं विचारलंत तर नवऱ्याचं किंवा दिराचं नाव येईल. ‘शेतात कोण कोण राबतं?’ असं विचारा.

प्रश्नावली कोणती घ्यायची

नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रश्नावली स्वतः बनवायच्या फंदात पडू नये. जागतिक आरोग्य संघटनेची छोटी प्रश्नावली, म्हणजे ‘डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ’, घ्या. २६ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला पाच पायऱ्यांचं उत्तर. पहिले दोन प्रश्न एकंदर आयुष्य आणि एकंदर तब्येत यांबद्दलचे, बाकीचे २४ चार गटांत: शरीर, मन, नातीगोती आणि आजूबाजूची परिस्थिती. शेवटच्या गटात पैसा, घर, सुरक्षितता, दवाखाना, माहिती, वाहतूक असं सगळं येतं, आणि गावाकडे बदल बहुतेक वेळा आधी तिथेच दिसतो.

कॅनडात गंभीर आजाऱ्यांसाठी तयार झालेली मॅकगिल प्रश्नावलीही आहे. अ‍ॅग्रॅबिलिटीने तीच वापरली. जगण्याला अर्थ वाटतो का, आपण कोणाच्या उपयोगी पडतो असं वाटतं का, हा भाग तिच्यात ठसठशीत आहे. पण ती फक्त गेल्या दोन दिवसांबद्दल विचारते. पेरणीच्या धांदलीत किंवा सिकलसेलच्या कळा आल्या असताना ते दोन दिवस सापडले तर वर्षाचं चित्र बिघडतं. रोजच्या कामातली अडचण मोजायची असेल तर ‘व्होडास २.०’ आहे, १२ किंवा ३६ प्रश्नांची, गेल्या ३० दिवसांबद्दल. कोणतीही घेतलीत तरी वापरण्यापूर्वी परवानगी मागा, आणि मराठी भाषांतर आधीच झालेलं असेल तर तेच घ्या.

यातल्या एकाही प्रश्नावलीत शेत नाही. म्हणून दहा-बारा प्रश्नांचं आपलं एक पान जोडावं लागतं. गुणांकन वेगळं ठेवा, मूळ प्रश्नावलीत मिसळू नका. माझ्या पानावर साधारण असे प्रश्न असतात: शेतापर्यंत कोणाच्या मदतीशिवाय जाता येतं का? रात्रीची वीज असते तेव्हा मोटार कोण चालू करतं? उकिडवं बसून काम किती वेळ होतं? बियाणं-खताचा निर्णय कोण घेतं? माल विकायला बाजार समितीत स्वतः जाता का? पिकाचे पैसे आधी कोणाच्या हातात येतात? मजुरीला गेलात तर इतरांइतकीच मजुरी मिळते का? सावडीत, इर्जिकीत (एकमेकांच्या शेतात मिळून काम करतात तेव्हा) तुम्हाला धरतात का?

उकिडवं बसण्याचा प्रश्न बारीक वाटेल, पण त्यावर माणसाची शेती अवलंबून असते. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला तो हेच ओळखून. घोट्यात न वाकणारा, बुटात घालायचा कृत्रिम पाय आपल्याकडच्या माणसाच्या कामाचा नव्हता. इथे मांडी घालायची, उकिडवं बसायचं, अनवाणी चिखलात उतरायचं. रबराच्या त्या पायाने ते शक्य झालं. तुमचा कार्यक्रम कृत्रिम पाय देत असेल तर ‘चालता का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘सरीत बसून खुरपता का?’ हेही विचारा.

एक प्रश्न पूर्ण मोकळा ठेवा: तुमचं आयुष्य बरं चाललंय असं म्हणायला तुमच्या लेखी कोणत्या पाच गोष्टी हव्यात? आयर्लंडमधल्या संशोधकांनी या कल्पनेवर अख्खी पद्धत उभी केली आहे. आपल्याला एवढा प्रश्न पुरे. एका मावशींनी मला पहिली गोष्ट सांगितली होती, ‘लग्नात मला पंगतीला उठवायला माणूस पाठवू नये, मला हाक मारावी.’ कोणत्याही छापील प्रश्नावलीत हे सापडणार नाही.

शब्द गावातले हवेत

‘जीवनमान कसं आहे?’ असं विचारलं की लोक घर, टीव्ही, मोटारसायकल मोजायला लागतात. ‘दिवस कसे चाललेत?’ म्हटलं की बोलतात. ‘नैराश्य येतं का?’ याला हमखास ‘नाही’ येतं, पण ‘कशात मन लागत नाही असं किती वेळा होतं?’ याला थांबून उत्तर येतं. ‘ऊर्जा’ म्हणजे वीज. ‘अंगात त्राण’ म्हटलं की कळतं. ‘विरंगुळा’ अनेकांना पुस्तकी वाटतो. पारावर बसणं, भजनाला जाणं, आठवडी बाजारात चक्कर, माहेरी चार दिवस, असं उदाहरण देऊन विचारावं लागतं. छापील भाषांतर बदलायचं नाही, पण खुलाशाचे शब्द सगळ्या कार्यकर्त्यांनी मिळून आधी ठरवायचे आणि प्रत्येकाने तेच वापरायचे. एकाने ‘त्राण’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘ताकद’, तर तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारले.

पाच पायऱ्यांचं उत्तर ही खरी अडचण. ‘मुळीच नाही, जरासं, बेताचं, बरंच, पुरेपूर’ हे पाच शब्द पाठ करून कोणी लक्षात ठेवत नाही. मी पाच गोटे नेतो, सुपारीएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत. ते ओळीत मांडायचे आणि विचारायचं, ‘दुखण्यामुळे काम अडतं ते कोणत्या गोट्याएवढं?’ दृष्टिहीन माणूस चाचपून सांगतो, बोलता न येणारा बोट ठेवतो, हात नसलेला नजरेने किंवा हनुवटीने दाखवतो. एका दृष्टिहीन काकांनी पाचही गोटे दोनदा चाचपले, चौथा उचलला, खाली ठेवला, मग तिसरा उचलून मुठीत धरून बसले. ‘पावसाळ्यात हा,’ म्हणाले, ‘आता त्याच्या अलीकडचा.’ दोन आठवड्यांचा प्रश्न त्यांना किती नेमका कळला होता! कागदावर फक्त २ लिहायचे होते. पण समासात मी पावसाळ्याचा ३ सुद्धा लिहून ठेवला.

कर्णबधिर शेतकऱ्यासाठी घरच्यालाच दुभाषी करू नका. भारतीय सांकेतिक भाषा जाणणारा माणूस मिळाला तर उत्तम. गावात मात्र अनेकांची भाषा घरगुती खुणांची असते. तिथे चित्रं वापरा आणि दोन बैठकांत विचारा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसालाही आधी त्यालाच विचारायचं, चित्रांच्या मदतीने. काळजी घेणाऱ्याचं मत घ्यायचं असेल तर वेगळ्या कागदावर, ‘आईने सांगितलेलं’ असं स्पष्ट लिहून.

कधी विचारायचं: आमची एक चूक

ही मोजणी पहिल्यांदा केली तेव्हा आम्ही पहिली फेरी जूनच्या सुरुवातीला घेतली आणि दुसरी दिवाळीनंतर. आकडे पाहून सगळे खूश झाले, चारही गटांत वाढ होती. मग एका अनुभवी ताईंनी विचारलं, ‘जूनमध्ये या माणसांच्या हातात काय असतं?’ जूनमध्ये बियाण्याची उधारी असते, पावसाची धास्ती असते आणि शाळेची फी असते. दिवाळीनंतर सोयाबीन विकलेलं असतं, लेकी माहेरी येऊन गेलेल्या असतात. आम्ही मोजला होता तो बराचसा हंगामातला फरक, आणि तो आमच्या कामाच्या खात्यावर मांडला होता. तो अहवाल आम्ही मागे घेतला.

तेव्हापासून नियम ठेवला आहे: वर्षाने, त्याच महिन्यात, शक्यतो त्याच पंधरवड्यात. मध्ये एखादी फेरी घेतलीत तर ती वेगळी मांडा. पाऊस, भाव, गारपीट यांची नोंद फेरीच्या पहिल्या पानावर हवी. बीडकडे काम असेल तर ऊसतोडीचं कॅलेंडर आधी बघा. दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यांवर गेलेलं असतं. त्या काळात दुसरी फेरी घेतलीत तर गावात राहिलेलेच सापडतील, आणि जे गेले त्यांचं जगणं बहुधा जास्त कठीण होतं.

पहिली फेरी मात्र काहीही देण्याआधी झालीच पाहिजे. सायकल दिल्यावर ‘आधी कसं होतं?’ असं विचारून आधीची स्थिती मिळत नाही. माणूस आठवणीतून सांगतो, आणि समोर सायकल उभी असते.

घरात बसून विचारताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या संगणकाला कधीच सापडत नाहीत.

एका घरी ओसरीवर बसून मी एका काकांना विचारत होतो. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलणं संथ पण स्पष्ट. ‘घरच्यांच्या आधाराबद्दल किती समाधानी आहात?’ काका विचार करू लागले तोवर मुलगाच म्हणाला, ‘लई समाधानी हायेत, काय कमी नाय त्यांना.’ काकांनी मान हलवली. मी ५ लिहिले. पुढचे तीन प्रश्न असेच गेले. मग मी मुलाला म्हटलं, ‘दादा, तुमची विहीर बघायचीय, माझ्या जोडीदाराला जरा दाखवाल का?’ ते दोघे गेले. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. काका बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘दोन लिहा. पण त्याला सांगू नका, पोरगं राबतंय.’

मुलगा वाईट नव्हता, खरंच राबत होता. पण ते उत्तर त्याच्यासमोर देता येणारं नव्हतं. त्यामुळे जोडीने जा: एक जण विचारेल, दुसरा घरच्यांना गोठा, विहीर, कागदपत्रं यांत गुंतवेल. बायकांना बाईनेच विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक प्रश्न शारीरिक संबंधांबद्दलचा आहे. तो चारचौघांत विचारायचाच नाही, आणि उत्तर नको असेल तर सोडून द्यायचा. गाळायचा मात्र नाही. दिव्यांग माणसाला हा प्रश्न लागूच होत नाही, असं आपण परस्पर ठरवणं योग्य नाही.

बोलण्याची सुरुवात साधी हवी. कोण आहोत, का विचारतोय, कागद कोण बघेल, नको वाटलं तर मध्येच थांबता येईल. आणि एक वाक्य दोनदा: ‘या उत्तरांवर काही मिळणार किंवा बंद होणार नाही.’ हे नीट सांगितलं नाही तर पहिल्या फेरीत लोक मदतीच्या आशेने खालची उत्तरं देतात आणि दुसऱ्या फेरीत उपकार मानून वरची. साहित्य वाटणारा कार्यकर्ता आणि प्रश्न विचारणारा कार्यकर्ता एकच असेल तर हे हमखास होतं. आपल्याकडे माणुसकी अशी आहे की ज्याने कुबडी आणून दिली त्याच्या तोंडावर ‘काही फरक पडला नाही’ असं कोणी म्हणत नाही. शेजारच्या तालुक्यातली टीम बोलवा, अदलाबदल करा.

कागदावर आधार क्रमांक लिहू नका. नावांची यादी वेगळी ठेवा, प्रश्नावलीवर फक्त क्रमांक. मोबाइलवर भरायचं असेल तर कोबो टूलबॉक्ससारखं ॲप नेटवर्क नसतानाही चालतं, पण गोटे न्यायला विसरू नका.

कधी कधी उत्तर देता देता माणूस मोडतो. शेवटचाच प्रश्न उदासी, निराशा, काळजी यांबद्दलचा आहे. कोणी म्हणालं की जगावंसं वाटत नाही, तर प्रश्नावली मिटवा. बसा, ऐका, एकट्याला सोडू नका, विश्वासाच्या माणसाला जवळ बोलवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर हवा. तालुक्यात मानसोपचाराची सेवा कोणत्या दिवशी मिळते, हे गावात जाण्यापूर्वी माहीत हवं. ही तयारी नसेल तर तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही, असं मी मानतो.

गुण कसे काढायचे

हे वाटतं तितकं अवघड नाही. २६ पैकी तीन प्रश्न उलटे आहेत: तिसरा (दुखणं), चौथा (औषधोपचाराची गरज) आणि सव्विसावा (उदासी). त्यांत मोठा आकडा म्हणजे वाईट, म्हणून ते ६ मधून वजा करायचे. ४ उत्तर आलं असेल तर २ धरायचे.

शरीराच्या गटात सात प्रश्न येतात: ३, ४, १०, १५, १६, १७, १८. समजा एका शेतकऱ्याचे उलटे प्रश्न सुलटे केल्यावर गुण असे आले: २, ३, ३, २, ३, २, २. बेरीज १७, सरासरी २.४३. तिला ४ ने गुणायचं, म्हणजे ९.७१. हे झालं ४ ते २० च्या पट्टीवर. १०० च्या पट्टीवर न्यायचं तर त्यातून ४ वजा करून १०० ने गुणायचं आणि १६ ने भागायचं. उत्तर ३५.७.

वर्षाने त्याची फिरण्याची आणि रोजच्या कामाची अशी दोनच उत्तरं एकेक पायरी वर गेली. बेरीज १९ झाली, गुण ४२.९. म्हणजे सात गुणांची वाढ म्हणजे दोन प्रश्नांत एकेक गोटा पुढे. हे डोक्यात ठेवलं की अहवालात ‘जीवनमानात लक्षणीय वाढ’ लिहिताना हात थोडा थांबतो. वाढ दखल घेण्याजोगी आहे का, याचा एक ढोबळ ठोकताळा असा: तुमच्या गटाच्या पहिल्या फेरीतल्या प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत, ते सांगणारा आकडा) निम्म्याहून बदल मोठा आहे का ते बघा.

चारही गटांचे गुण वेगवेगळे ठेवा, एकत्र बेरीज करू नका. एकाचं शरीर सुधारतं आणि नाती विस्कटतात, ते बेरजेत बुजून जातं. उत्तरं सुटली असतील तर: एकूण प्रश्नांच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त सुटले असतील तर तो कागद बाजूला ठेवा. एखाद-दुसरा सुटला असेल तर त्या गटाच्या बाकी उत्तरांची सरासरी धरा.

आकडे वाचताना

नुसती सरासरी देऊ नका. किती जणांचं वाढलं, किती जणांचं तिथेच राहिलं, किती जणांचं घटलं, असं मांडा. घटलेल्यांच्या घरी परत जा. कार्यक्रमाला सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं.

घट म्हणजे नुकसानच, असंही नाही. दहा वर्षं घरात बसलेला माणूस कुबड्या घेऊन तालुक्याला जायला लागतो आणि त्याला पहिल्यांदा कळतं की एसटीच्या पायऱ्या किती उंच आहेत, बाजार समितीत रॅम्प नाही, कार्यालयातला माणूस आपल्याशी न बोलता सोबतच्याशी बोलतो. घरात असताना वाहतुकीच्या प्रश्नाला ‘बेताचं’ म्हणणारा आता ‘मुळीच नाही’ म्हणतो. त्याची अपेक्षा वाढली, ही चांगली खूण आहे. पण हे फक्त आकड्यावरून कळत नाही, समासातल्या नोंदींवरून कळतं.

तुलनेसाठी मदत न मिळालेला गट हवा. त्यासाठी कोणाला मुद्दाम वंचित ठेवायचं कारण नाही. निधी तसाही सगळ्यांना एकदम पुरत नाही. पुढच्या हंगामात ज्यांची पाळी आहे, त्यांना आत्ता विचारा. गाव, पीक, अडचण सारखी असेल तर पाऊस-भावाचा परिणाम दोन्हीकडे सारखाच पडतो, आणि उरलेला फरक तुमच्या कामाचा असण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या फेरीत जे सापडले नाहीत त्यांची संख्या अहवालात लिहा: किती स्थलांतरित झाले, किती वारले, किती जणांनी नको म्हटलं.

अपघातातून दिव्यांगत्व आलेल्यांचा वेगळा तक्ता करा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव किंवा एक डोळा गेला तर १ लाख आणि दोन गेले तर २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. पैसे मिळाले की फाइल बंद होते. त्या माणसाचं पुढचं वर्ष कसं गेलं, तो शेतात परतला की जमीन बटईने दिली, हे तुमच्या तक्त्यात दिसायला हवं. जन्मापासून किंवा लहानपणी पोलिओने आलेलं दिव्यांगत्व घेऊन जगणाऱ्याची वाट निराळी असते. त्याने आपली शेती आपल्या शरीराप्रमाणे बसवून घेतलेली असते, आणि त्याच्याकडून कार्यक्रमानेच शिकावं असं बरंच असतं.

गावात परत जा

अहवाल निधी देणाऱ्याकडे जाण्याआधी तो गावात वाचून दाखवा, नावं न घेता. मोठ्या कागदावर गोट्यांची चित्रं काढून, पारावर किंवा समाजमंदिरात, जिथे चाकाची खुर्ची पोहोचते अशा जागी. ग्रामसेवकांना बोलवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, आणि ‘शेताच्या वाटेला सगळ्यात कमी गुण’ असं त्यांच्यासमोर दिसलं की बोलणं पाणंदीच्या मुरमापर्यंत पोहोचतं. ज्याला हवे असतील त्याचे गुण त्याला एकट्याला, वेगळे सांगा.

गेल्या वेळी असंच एका मावशींना त्यांचा कागद वाचून दाखवत होतो. झोपेच्या प्रश्नाशी त्यांनी मला थांबवलं. ‘पाच? मी कुठं पाच म्हणाले? मी मधला गोटा दिला होता तुमच्या हातात.’ मूळ कागद काढला. त्यावर ३ च होते, संगणकात भरताना ५ झाले होते. त्या संध्याकाळी आम्ही त्या गावाचे सगळे कागद पुन्हा एकदा संगणकातल्या नोंदींशी ताडून पाहिले.